पोराला मडकं नसतं

नातीचा जीव गेला तसा कुंभार उठला, फळीवरून एक मडकं काढलं, बोटाच्या पेरानं वाजवलं, कान लावून ऐकलं आणि दाराशी आणून ठेवलं.

सून पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. चिमीचे पाय पोटाशी आखडले होते, ती ते सरळ करायला बघत होती आणि ते होत नव्हते. तीन वर्षांची पोर. सकाळी उठून गाढवांना पाला घालत होती, दुपारपर्यंत संपली. पटकी अशीच असते. मी त्यांच्या अंगणातल्या भिंतीशी उभी होते. आईनं तिकडं जाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, म्हणूनच गेले होते.

सुनेनं मडक्याकडं पाहिलं. "मामा, हे कशाला?"

"चिमीला."

"पोराला मडकं असतंय व्हय?"

आमच्याकडं ज्याचे दुधाचे दात पडले नाहीत ते पोर जाळत नाहीत. कापडात गुंडाळून हातावर नेतात आणि ओढ्याकाठी पुरतात. विस्तव न्यायचा नसतो, चितेभोवती पाणी फिरवायचं नसतं, त्यामुळं मडकं लागत नाही. हे कुंभाराला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या हातात एक लाल खापरी होती, ती कोनाड्यात ठेवायला तो वळला होता. तिथंच थांबला.

"न्हाई," तो म्हणाला. "पोराला मडकं नसतंय." मग खापरीकडं बघत पुन्हा म्हणाला, "पोरांना मडकं नसतंय की."

त्यानं खापरी खाली टाकली आणि तिच्यापासून मागं सरला. मी अकरा वर्षांची होते आणि त्या महिन्यात भ्यालेली माणसं पुष्कळ पाहिली होती. पण नात मेल्यावर रडायचं सोडून खापरीला भ्यालेला माणूस मी तेव्हाच पाहिला. मला काही कळलं नाही. कळलं ते त्याच दिवशी ओढ्यावर.

हा कुंभार आमचा शेजारी. देवळाली प्रवराच्या अलीकडं, कालव्याच्या खालच्या अंगाला आमचं गाव. त्याचं घर आणि आमचं घर यांच्यात एक भिंत. गाव त्याला आजा म्हणायचं आणि मागं वेडा म्हणायचं. दोन्ही खरं होतं.

त्याला सगळं वाजवून बघायची खोड. मडकं तर कुणीही वाजवून घेतं, पण हा कलिंगड वाजवायचा, भिंत वाजवायचा, सुनेनं केलेली भाकरी वाजवायचा. एकदा एका लग्नात बोहल्यावरच्या नवरदेवाच्या डोक्यावर पेरानं टकटक केली आणि "कच्चा हाय" म्हणून जेवायला बसला. भांडण झालं. तो नवरा वर्षाच्या आत बायको टाकून पळाला, तेव्हापासून लोक आपली डोकी त्याच्यापासून लांब ठेवायचे.

मडकं न वाजवता कुणी घेतलं तर तो ते हातातून काढून घेऊन फोडायचा. माझ्या आईचं एक फोडलं होतं. आई म्हणाली, "चांगलं हुतं की वो." तो म्हणाला, "हुतं. पन ते तुला ठाव नव्हतं."

दोन गाढवं होती. त्यांना तो अहो-जाहो करायचा. "अहो, जरा सरका. पाय पडंल तुमच्यावर." आणि पाटलाला तू म्हणायचा. पाटलानं एकदा चिडून विचारलं, गाढवाला अहो आणि मला तू, असं का. तर म्हणाला, "पाटला, ते वझं उचलत्यात." सगळ्यांनाच तू. लहान, मोठा, सावकार, भटजी, सगळे तू.

त्याला लिहायला-वाचायला येत नव्हतं. मोजायचा तो विसांनी. एक वीस आणि तीन, दोन वीस आणि सात, असं. पण त्याची मोजणी चुकलेली कुणी पाहिली नव्हती. गावात कोण कधी मेलं, कशानं मेलं, याची खरी नोंद त्याच्याकडं असायची. कारण सरळ होतं. घरात मयत झालं की पहिला माणूस कुंभाराकडं जातो. तो मडकं द्यायचा आणि विचारायचा, कोण, कशानं. नुसतं कुतूहल नव्हतं. आपलं मडकं कुणापुढं चाललंय हे माहीत असल्याशिवाय तो हातातून सोडायचाच नाही. मग त्या मयताच्या नावानं एक खापरी, म्हणजे मडक्याचा तुकडा, कोनाड्यात ठेवायचा. पाटलाच्या वहीत कुणीही मेलं तरी 'ताप' असं लिहिलेलं असायचं. विहिरीत पडलेल्या बाईपुढंही ताप. त्यामुळं मेलेल्यांच्या बाबतीत गाव पाटलावर नाही, कुंभारावर विश्वास ठेवायचं.

लढाई चालू होती ती वर्षं. रॉकेल रेशनवर मिळायचं. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याकडं पटकी आली. आधी कालव्याकाठच्या झोपड्यांत, मग गावात. विहिरीत लाल औषध टाकलं, पाणी जांभळं झालं, बायकांनी ते भरायचं सोडून पुन्हा कालव्याचं पाणी आणायला सुरुवात केली. मरीआईला कोंबडी दिली. मग सरकारनं सुई पाठवली.

सुई घेऊन आलेला माणूस केडगावचा मुसलमान. अंगानं काटकुळा, काळी छत्री, पत्र्याची पेटी, पेटीत स्पिरीटचा दिवा. गावानं त्याचं नाव विचारलं नाही, सुईवालाच म्हटलं. साखर कारखान्यानं हुकूम काढला होता, सुई घेतल्याची चिठ्ठी नाही त्याची हजेरी नाही. त्यामुळं कारखान्यावर जाणारे बाप्ये सगळे टोचून झाले. माझा बापही. तो हंगामात तिकडंच खोपटात राहायचा, आठवड्यानं घरी यायचा. बायका आणि पोरं राहिली होती.

कुंभारानं तेव्हा खापऱ्या दोन तऱ्हेच्या केल्या. टोचलेला मेला तर काळी, न टोचलेला मेला तर लाल. लोक रोज जाऊन विचारायचे. आज किती काळ्या, किती लाल. असं करता करता काळ्या सहा झाल्या आणि लाल तीन.

सुईवाल्याच्या कानावर गेलं. तो कुंभाराच्या अंगणात आला तो चिडूनच.

"बाबा, तुम्ही लोकांना काय सांगताय?"

"मी काय सांगत न्हाई. लोक इचारत्यात, मी दावतो. बस."

अंगणात माणसं जमली. आम्ही पोरं भिंतीवर. कुंभारानं खापऱ्या जमिनीवर मांडल्या. "हे काळं, सुई टोचलेलं. हे लाल, न टोचलेलं. नऊ मडकी गेली माज्याकडनं. आता तूच वाजवून बग."

सुईवाल्यानं छत्री मिटली आणि उकिडवा बसला. रागावला होता, पण मूर्ख नव्हता. म्हणाला, "तुम्ही राहुरीच्या बाजाराला मडकी नेता ना? समजा, चार वीस मडकी गवतात बांधून नेली आणि एक वीस तशीच उघडी नेली. वाटेत गवतातली सहा फुटली आणि उघडी तीन फुटली. मग गवत वाईट झालं का?"

कुंभारानं बोटांवर हिशेब घातला. मग म्हणाला, "एका विसात तीन. त्या मापानं चार विसांत बारा फुटाय पायजेल हुती. फुटली सहा. न्हाई, गवत चांगलं."

"मग?"

"मग गवतात किती हुती ते दाव."

सुईवाल्यानं वही काढली. "सात वीस माणसं टोचलीत मी."

"वाच."

"काय वाचू?"

"नावं वाच."

तो वाचायला लागला. आठ-दहा नावं झाली आणि कुंभारानं हात वर केला. "हा आमच्या गावचा न्हाई." पुढं गेल्यावर पुन्हा. "हा बी न्हाई. ह्यो तर कोपरगावाकडचा, तोडीला आलाय." वही कारखान्याच्या हजेरीवरून केलेली होती आणि कारखान्यावर पाच गावांची माणसं होती. वाचून संपली तेव्हा आमच्या गावचे तीन वीससुद्धा भरले नाहीत.

कुंभार म्हणाला, "तुजं गवत पाच गावांत पसारलंय, आन् फुटकी मडकी तेवडी एकट्या माज्या गावची. असं कुटं मोजत्यात व्हय?"

माणसं हसली. सुईवाल्याचे कान लाल झाले. "बरं, वही चुकली," तो म्हणाला. "पण गावात न टोचलेली किती, ते तुम्ही मोजलंय का?"

"मी मेल्यालं मोजतो. जित्याला मडकं लागत न्हाई."

"तिथंच चुकतं, बाबा. मोजणी जित्यांपासून सुरू करायची असते."

"जित्यांचं काय मोजायचं? ती बोलत्यात."

पुन्हा हशा झाला. सुईवाला पेटी उचलून गेला. वाद कुंभारानं जिंकला होता आणि सगळ्यांना बरं वाटलं होतं. भिंतीवर मीही हसले होते.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. सुईनं माणसं मरतात असं कुंभार कधी बोलला नाही. तो एवढंच म्हणायचा, "मला सुईचं पुण्य दिसंना." पण ते वाक्य त्याच्या अंगणातून निघून वेशीपर्यंत जाताना बदललं. संध्याकाळी पाणवठ्यावर बायका बोलत होत्या, सुईनं दुप्पट मरत्यात, कुंभार म्हनतो. आजा म्हणतो म्हटल्यावर कुणी उलट विचारलं नाही. तो आयुष्यात मडक्याच्या बाबतीत खोटं बोलला नव्हता.

दोन दिवसांनी सुईवाला पोरांना टोचायला आळीत आला, तेव्हा आईनं मला आणि गोपाला कणगीत घातलं. गोपा माझा भाऊ, चार वर्षांचा. कणगीत तळाला थोडी ज्वारी होती. वर आईनं गोधडी टाकली. आत काळोख, ज्वारीची धूळ, गोपाला शिंक येत होती म्हणून मी त्याचं नाक दाबून धरलं, तर तो माझ्या मनगटाला चावला. मी ओरडले नाही. बाहेर सुईवाल्याचा आवाज येत होता, "बाई, पोरं किती आहेत घरात?" आणि आई सांगत होती, "न्हाईत. मामाकडं गेल्यात." सगळ्या आळीतली पोरं त्या दिवशी मामाकडं गेली होती.

पुढच्या आळीत कुणीतरी दगड मारला. मग बरेच आले. पेटी पडली, बाटल्या फुटल्या. सुईवाला छत्री टाकून देवळालीला पळाला. ती छत्री कितीतरी दिवस बाभळीला लटकलेली होती, कुणी हात लावेना.

त्यानंतर पोरं मरायला लागली. खरं म्हणजे आधीपासूनच मरत होती. पण पोर गेलं की बाप एकटाच कापडात घेऊन ओढ्याकडं जायचा, शेजाऱ्याला कळायचं तेसुद्धा दुसऱ्या दिवशी. त्यात पटकीच्या भीतीनं कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं. कुंभाराकडं कुणी आलं नाही. त्याच्या कोनाड्यात सहा काळ्या आणि तीन लाल, तेवढ्याच होत्या. गाव म्हणायचं, आता उतार पडला.

आणि मग चिमी गेली.

तिला न्यायला कुणी येईना. कुंभाराचा मुलगा कारखान्यावर. कुंभारानं पोरीला उचललं आणि मला म्हणाला, "कुदळ घे." बाईमाणसानं तिकडं जायचं नसतं, पण सांगणार कोण. मी कुदळ घेऊन मागून चालले. वाटेत सगळी दारं लावलेली होती.

ओढ्याकाठी पोरं पुरायची जागा होती. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून प्रत्येक ढिगावर बाभळीच्या फांद्या टाकून वर दगड ठेवतात. मी लहानपणापासून ती जागा लांबून पाहिली होती. दोन-तीन ढीग असायचे. त्या दिवशी सगळा काठ काट्यांनी भरलेला होता. काटे ताजे होते, काहींचा पाला अजून हिरवा होता.

कुंभारानं चिमीला सावलीला ठेवलं. खड्डा खणायचं सोडून तो पहिल्या ढिगाशी गेला.

"ही कुनाची?"

मला माहीत होतं. माझ्या खेळण्यातली पोरं होती, नाहीतर त्यांची धाकटी भावंडं. "ठकी. वान्याची."

"टोचल्याली?"

"न्हाई."

त्यानं ओढ्यातला एक खडा उचलून ढिगाशी ठेवला. पुढच्याशी गेला. "ह्यो?"

"सदा. आमच्या चुलत्याचा."

"टोचल्याला?"

"न्हाई."

असं चौदा वेळा झालं. चौदाही वेळा मी न्हाई म्हणाले. दोन ढिगांची नावं मला येत नव्हती, पण ते कणगीतलेच, आमच्यासारखेच लपवलेले, हे मला ठाऊक होतं. शेवटच्या ढिगानंतर त्यानं पंधरावा खडा हातातच ठेवला आणि खणायला लागला. मला तेव्हा भीती वाटली ती मेलेल्या पोरांची नाही. गोपाचे दुधाचे दात अजून पडले नव्हते. आणि मी त्याला त्याच सकाळी अंगणात उघडं सोडून आले होते.

ढिगांशी ठेवलेले खडे गोळा करून तो तिथून चावडीवर गेला, मी मागोमाग. चिमीच्या मातीचे हात तसेच होते. पाटील आणि पाच-सहा माणसं बसली होती, एकमेकांपासून हात-हात अंतर राखून. कुंभारानं त्यांच्यापुढं खडे मांडले.

"चौदा, आन् माजी पंधरावी. टोचल्यालं एक बी न्हाई. मी मडकी मोजत हुतो. पोरांना मडकं नसतंय. माजा हिशेब अर्धा हुता. पोरं भाईर काडा, टोचून घ्या."

पाटील म्हणाला, "परवा तूच म्हनत हुतास, सुईचं पुण्य न्हाई."

"व्हय. चुकलो."

"आन् आज बी चुकतोयस. गावात टोचल्यालं पोरच न्हाई एक, तर टोचल्यालं मरंल कुटनं?"

हे बरोबर होतं. मला तेव्हासुद्धा ते बरोबर वाटलं. कुंभारानं मांडलेल्या खड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "खरं हाय. सुई पोरांना वाचवती का न्हाई, मला ठाव न्हाई. पन मला ठाव न्हाई हे तुमाला ठाव नव्हतं. माज्या सांगन्यावर पोरं लपवलीत तुमी."

चावडीच्या खाली, उन्हात, महारवाड्यातला एक माणूस उभा होता. त्याला वर यायची परवानगी नव्हती. तो म्हणाला, "आजा, आमच्यात मोठ्यांना बी पुरत्यात. आमची सात गेली. ती कवा मोजलीस?"

कुंभारानं त्याच्याकडं पाहिलं. खाली उतरून सात खडे उचलून आणले आणि त्या पंधरांशेजारी ठेवले.

"नात गेली, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं," कुणीतरी म्हणालं. कुणी उठलं नाही. खोट्या हिशोबावर ज्यांनी विश्वास ठेवला तेच लोक खऱ्याला हसत होते. फरक एवढाच, की आता हसताना आवाज निघत नव्हता.

तो तसाच गाढवं घेऊन देवळालीला गेला. सुईवाला तिथं धर्मशाळेत होता, डोक्याला पट्टी बांधून. पुढचं सुईवाल्यानं स्वतः आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. तो यायला तयार नव्हता. म्हणाला, दगड कुणी मारले ते विचारा तुमच्या गावाला. तर कुंभार म्हणाला, "पयला दगुड माजाच, हात न उचलता मारल्याला. तुमी चला. तुमी वही घिऊ नगा, मी जिती मानसं मोजून देतो."

गाढवं सोडून त्यानं आयुष्यात कुणा एका माणसाला तुम्ही म्हटलं असेल तर ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. पेटी गाढवावर, गवतात बांधलेली. चावडीपुढं कुंभारानं आधी स्वतःचा दंड पुढं केला आणि सगळ्यांदेखत टोचून घेतलं. मग आळीत दार दार वाजवत निघाला. काही दारं उघडली, काही नाही. आमच्या दारात आला तेव्हा आई विळा हातात घेऊन उंबऱ्यात बसली होती. भाजी चिरत नव्हती.

"परवा न्हाई म्हनलात, आज व्हय म्हनताय," ती म्हणाली. "उद्या काय म्हनाल, कुंभारबाबा?"

"उद्या मरंल त्याला मोजीन. तेवडंच म्हनंन."

"सुईनं पोरगं गेलं तर?"

"तर माजं नाव घे."

"तुमचं नाव घिऊन काय करू मी? चुलीत घालू?"

गोपा आईच्या मागून बघत होता. कुंभारानं वाकून त्याची हनुवटी धरली आणि तोंड उघडायला लावलं. त्याचे दात बघितले. पुढचे, मागचे, एकेक. आई ते बघत होती. तो काय बघतोय ते तिला कळलं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला.

तिनं सुईवाल्याला विचारलं, "ताप येतोय?"

"येतो, बाई. एक-दोन दिवस. हात सुजतो. आणि आठ दिवस पाणी उकळूनच द्या, सुई चढायला तेवढे दिवस लागतात."

"मंजी आट दिस सुई असून नसल्यावानी?"

"हो," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर तिनं ऐकलं नसतं असं मला वाटतं.

तिनं विळा बाजूला ठेवला आणि आम्हा दोघांना पुढं ढकललं. गोपा सुईवाल्याला चावला. मला दुखलं, पण चावण्याचं वय राहिलं नव्हतं.

"आता तुम्ही, बाई."

"मी न्हाई. ही दोगं तापानं पडनार. मी बी पडले तर पानी कोन आननार? नवरा कारखान्यावर. ह्यांचं उतरलं की मग बगू."

कुंभार म्हणाला, "पोरी, टोचून घे."

"म्हनलं ना, मग बगू."

आम्हाला दोन दिवस ताप होता. दंड भाकरीएवढा सुजला. आई पाणी आणत होती, उकळत होती, आम्हाला देत होती. सरपण कमी, तर स्वतः कुठलं प्यायली ते मला माहीत नाही.

त्या आठवड्यात कुंभारानं नवी मोजणी धरली. रोज सकाळी तो प्रत्येक दार पेरानं वाजवायचा आणि एकच विचारायचा, "किती?" म्हणजे घरात जिवंत किती. आतून आकडा यायचा आणि तो पुढं जायचा. महारवाड्यातही जायचा, मुसलमानांच्या घरांवरही जायचा. टोचलेली किती, न टोचलेली किती, जिती किती. लोकांना त्याची धडकी भरायची. त्याच्या पेराचा टकटक आवाज लांबून, एकेक घर करत जवळ यायचा. बायका म्हणायच्या, यम तरी न वाजवता येतो. काही घरं आतून शिव्या द्यायची, पण शिवीच्या शेवटी आकडा सांगायचीच.

आमच्या दारात आई सांगायची. "तीन."

पहिल्या दिवशी तीन. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी गोपाचा ताप उतरला, तो पेज मागायला लागला. तीन. चौथ्या दिवशी आई आतूनच बोलली, आवाज बारीक होता, पण तीनच म्हणाली. "सुईवाला कवा येनार हाय?" तिनं विचारलं. कुंभार म्हणाला, "परवा." "मग परवा घेते," ती म्हणाली.

तिला दुपारी सुरू झालं. तांदळाच्या धुवणासारखं पाणी पडत होतं. गोपाला तिनं मागच्या खोलीत कोंडायला लावलं आणि मला हात लावू देईना. मी उकळलेलं पाणी चमच्यानं घालत होते, ते राहत नव्हतं. पायांना पेटक्यांचे वांब येऊन ती वाकडी व्हायची. पहाटे वांब थांबले.

पाचव्या दिवशी दार वाजलं.

"किती?"

मी म्हणाले, "दोन."

त्याची पावलं पुढच्या दाराकडं न जाता त्याच्या घराकडं गेली. परत आला तेव्हा मडकं घेऊन. मी ते घ्यायला हात पुढं केला, तर त्यानं सोडलं नाही. मला कळलं. मी पेरानं वाजवलं. चांगलं होतं. तेव्हा सोडलं. कोण आणि कशानं, ते त्यानं विचारलं नाही.

पटकी ओसरल्यावर लोक त्याला विचारायचे, आजा, मग सुई खरी का खोटी. तो सांगायचा, "त्यानंतर टोचल्याली पोरं दोन गेली, न टोचल्याली पाच. आन् टोचल्याली दुपटीनं हुती. तुमीच वाजवून बगा." यापुढं एक शब्द नाही. त्या पंधरा पोरांबद्दल विचारलं तर उठून जायचा. फळीवर चिमीसाठी काढलेलं मडकं होतं, ते त्यानं कुणाला दिलं नाही, फोडलंही नाही. तो मेला तेव्हा सुनेनं तेच वापरलं.

सुईनं आम्ही वाचलो की तसेच वाचलो असतो, हे मला सांगता येत नाही. मी चौथी शिकलेली बाई आहे. कुणालाही सांगता येईल असं वाटत नाही.

आमच्या घरातून त्या पटकीत आई गेली. बाप जगला, गोपा जगला आणि मी जगले.